रिपोर्ट गाठीचा, बाईचा नव्हे

'काही नाही, साधी गाठ आहे.' हे वाक्य आपल्या देशात रोज किती बायकांना ऐकवलं जात असेल कोण जाणे. ते ऐकवताना डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, नातेवाईक देवाला हात जोडतात, आणि जिच्या स्तनातून ती गाठ काढलेली असते ती बाई हसते, रडते, घरी जाते. या वाक्यात खोटं काही नाही. मीही ते ऐकलं आहे आणि ऐकून मलाही आनंद झाला होता. तरी माझं भांडण याच वाक्याशी आहे, कारण त्याच्यामागून दुसरं वाक्य येत नाही. पुढे तीन महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी त्या बाईने 'अजून दुखतंय' म्हटलं, की तेच वाक्य तिच्यापुढे पुन्हा ठेवलं जातं: अहो, पण साधी गाठ होती ना?

होती. साधीच होती. आणि अजून दुखतंय. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, एवढंच मला म्हणायचं आहे. इतकी उघड गोष्ट सांगायला लेख लिहावा लागतो, याचाच खरं तर राग येतो.

आधी हा रिपोर्ट कशाचा असतो ते पाहू. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत जातो. तिथले तज्ज्ञ त्याचे पातळ काप करतात, ते रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि पेशी कशा दिसतात ते लिहितात. फायब्रोअडेनोमा, पॅपिलोमा, डक्ट एक्टेशिया, जे असेल ते. त्या तुकड्याबद्दल ते लिहितात ते बरोबरच असतं. पण तो तुकडा आता बाईच्या अंगात नाही. अंगात जे उरलं आहे, म्हणजे शिवलेली कातडी, सुरीखाली आलेले मज्जातंतू, आतली पोकळी भरत आलेला कठीण व्रण, त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नसतं आणि असायचं कारणही नाही. कागद निर्दोष आहे. आपण गाठीचा रिपोर्ट बाईचा रिपोर्ट म्हणून वाचतो, तिथे घोटाळा होतो.

या घोटाळ्याला भाषेनेही हातभार लावला आहे. 'बिनाइन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला दयाळू, भल्या स्वभावाचा असा अर्थ आहे. हिंदीत त्याला 'सुदम' म्हणतात, 'दुर्दम'च्या उलट. मराठीत आपण लिहिताना 'सौम्य' किंवा 'निरुपद्रवी' म्हणतो आणि घरात बोलताना 'साधी'. ही सगळी विशेषणं गाठीच्या स्वभावाची आहेत. ती आजूबाजूला घुसत नाही, दूरच्या अवयवांत जाऊन घर करत नाही, जीव घेत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. शस्त्रक्रियाही सौम्य होती किंवा तिचे परिणामही निरुपद्रवी असतील, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. सुरीला रिपोर्ट ठाऊक नसतो. कॅन्सरच्या गाठीसाठी ती जशी कातडी कापते, तशीच साध्या गाठीसाठीही कापते.

कापल्यावर काय होतं तेही सांगायला हवं, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. स्तनाला संवेदना देणारे मज्जातंतू बरगड्यांच्या मधून पुढे येतात. स्तनाग्राकडे येणाऱ्यांत चौथ्या आंतरबरगडी मज्जातंतूचा वाटा मोठा. त्याच्या बारीक फांद्या गाठ काढताना तुटू शकतात, ताणल्या जाऊ शकतात किंवा नंतर व्रणात अडकू शकतात. तुटलेली फांदी पुन्हा वाढताना चुकीचे संदेश पाठवू लागते. मग एक चमत्कारिक प्रकार होतो. कातडी बधिर असते आणि तरीही तिला नुसता ओढणीचा काठ लागला तरी चरचरतं. काखेत वाढलेली जादा स्तनग्रंथी काढलेल्या बायकांचा त्रास आणखी वेगळा. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारा एक मज्जातंतू तिथे वाटेत असतो. त्याला इजा झाली की दंडाचा तेवढा पट्टा बधिर होतो, किंवा त्यात मुंग्या येत राहतात. बाई म्हणते हात जड झालाय. घरचे म्हणतात गाठ तर छातीची होती, हाताला काय झालं?

याशिवाय कुणाच्या जखमेखाली पाणी साठतं आणि ते सुईने काढावं लागतं. कुणाचा व्रण उंच, जाड, खाजरा होतो. छातीच्या मधोमध आणि खांद्यावर केलॉइड होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांना त्याचा धोका अधिक. कुणाच्या स्तनातली चरबी मृत होऊन तिची नवी टणक गाठ बनते. ती तपासणीत कधीकधी कॅन्सरसारखी दिसते आणि पहिल्या वेळची सगळी भीती परत आणते. स्तनाग्राभोवतीच्या गडद कातडीच्या कडेने छेद घेतला असेल तर व्रण छान लपतो, पण दुधाच्या नलिका किंवा मज्जातंतू तुटले असतील तर पुढे मूल पाजताना अडचण येऊ शकते. आणि एखादीला शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी स्तनावर किंवा बरगडीवरून खाली जाणारी, ताणलेल्या दोरीसारखी दुखरी रेघ हाताला लागते. त्वचेखालच्या शिरेत रक्त गोठल्याने हे होतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. या विकाराला फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी माँडोर यांचं नाव आहे, कारण त्यांनी १९३९ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. हेच माँडोर कवी मालार्मेचे चरित्रकार होते आणि १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडले गेले. शब्दांची पारख असलेल्या एका माणसाने कातडीखालच्या त्या दोरीला नाव दिलं, म्हणून आज ती दोरी हाताला लागलेल्या बाईला 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवणं थोडं अवघड झालं आहे.

नाव मिळण्याचं महत्त्व इतकंच असतं, पण ते कमी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात शस्त्रक्रियेनंतर चिवट राहिलेल्या वेदनेला स्वतंत्र जागा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेली किंवा वाढलेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, आणि जंतुसंसर्गासारखं दुसरं कारण नसलेली वेदना, अशी साधारण तिची व्याख्या. काढलेली गाठ कॅन्सरची असली पाहिजे, अशी अट तिच्यात नाही. म्हणजे शास्त्राने हे दुखणं मान्य केलेलं आहे. त्याला नाकारतो तो दवाखान्यातला तिसऱ्या मिनिटाचा कंटाळा आणि घरातली कृतज्ञतेची सक्ती.

कृतज्ञतेची सक्ती म्हणजे काय, ते माझ्या उदाहरणावरून सांगते. सहा वर्षांपूर्वी बंगळुरूच्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या स्तनातली अडीच सेंटिमीटरची फायब्रोअडेनोमाची गाठ काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम वेळेवर भरली. सासूबाईंनी पेढे वाटले. त्यानंतर वर्षभर रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला माझा हात आपोआप छातीशी जायचा. थंडीत, एसीत, पाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे आतून कुणी चिमटा घेतल्यासारखं होई. मुलगी डाव्या कुशीत शिरली की मी तिला उजवीकडे ढकलत असे, आणि तिला वाटे मी रागावले. हे मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, 'अगं, देवाने वाचवलं तुला. असं बोलू नये.' आईचा यात दोष नाही. तिच्या बहिणीला कॅन्सरने नेलं होतं. तिच्या तराजूत एका पारड्यात मावशी होती आणि दुसऱ्यात माझा चिमटा. या तराजूत साध्या गाठीची बाई कायमच हलकी ठरते. तिच्याकडून अपेक्षा एकच, की तिने जन्मभर आभार मानत राहावं. आभार मानणाऱ्या माणसाला तक्रार करता येत नाही, हे आपल्या घरांमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तपासणीला गेले तेव्हा माझं बोलणं झालं ते असं. डॉक्टर तमिळ, परिचारिका कन्नड, मी मराठी, आणि आम्हा तिघांची सामाईक भाषा इंग्रजी. पेन आहे का? आहे. एक ते दहामध्ये किती? मी म्हटलं, चार. चार हा आकडा लिहिला गेला, व्रण बघितला गेला, तो 'ब्युटिफुल' असल्याचं सांगितलं गेलं, आणि मी बाहेर आले. चारमध्ये काय काय होतं ते सांगायची सोय तिथे नव्हती. ठणकणं वेगळं आणि सलणं वेगळं. चमक येते आणि जाते, कळ येते आणि थोडा वेळ राहते, रग लागते ती हळूहळू चढत जाते. चुरचुरतं ते वरून, ओढ लागते ती आतून. कातडी नुसती हुळहुळते तेव्हा तर 'दुखतंय' हा शब्दही पुरता लागू होत नाही, आणि 'हुळहुळणं' याला इंग्रजीत काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. माझी खात्री आहे की तमिळच्या 'वली'खाली आणि कन्नडच्या 'नोवु'खालीही असाच शब्दांचा खजिना असणार. पण आम्ही तिघी आपापले खजिने दाराबाहेर चपलांसारखे काढून आत गेलो होतो.

हे शब्दांचे चोचले नव्हेत. मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचा पायाच रुग्णांच्या तोंडचे शब्द हा होता. लोक वेदनेला काय काय म्हणतात ते गोळा करून त्यांनी त्या शब्दांचे गट पाडले, कारण शब्दांवरून वेदनेची जात कळते. भाजल्यासारखं, विजेसारखं, मुंग्यांसारखं असे शब्द आले, तर दुखणं मज्जातंतूचं असण्याची शक्यता वाढते, आणि त्याचे उपचार साध्या वेदनाशामक गोळीपेक्षा वेगळे असतात. तेव्हा 'चमक' की 'ठणका' हा फरक कवितेपुरता नाही, औषध बदलणारा आहे. जो दवाखाना हा फरक विचारत नाही तो चुकीचं औषध देण्याची तयारी करून बसलेला असतो.

आता अवयवाच्या नावाकडे येऊ. मराठीत 'स्तन' हा शब्द छापता येतो, पण घरात उच्चारता येत नाही. खेड्यातल्या बायका 'थान' म्हणतात तो शब्द आपण शहरात येताना तिथेच ठेवून आलो. उरला 'छाती'. आणि बाईने दवाखान्यात जाऊन 'छातीत दुखतंय' म्हटलं, की तिचा आधी ईसीजी निघतो. हा विनोद वाटतो, पण ईसीजी चांगला आला की तिला 'सगळं नॉर्मल आहे' असं सांगून घरी पाठवलं जातं, तेव्हा तो विनोद राहत नाही. तमिळ कवयित्री कुट्टी रेवती यांनी २००२ मध्ये आपल्या संग्रहाला 'मुलैगळ' म्हणजे 'स्तन' असं सरळ नाव दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. एका अवयवाचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं म्हणून समाज चिडतो, आणि त्याच समाजातल्या बाईने डॉक्टरला दुखणं मात्र स्पष्ट सांगावं अशी अपेक्षा असते. हे कसं जमायचं?

हे नियतकालिक वाचणाऱ्यांना मी इथे थोडं छेडणार आहे. आपल्या साहित्यात स्तन आहे, पण तो एक तर देणारा किंवा शाप देणारा. 'शिलप्पदिकारम'मधली कण्णगी आपला स्तन उपटून फेकते आणि मदुरा जळते. महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी'तली जशोदा दुसऱ्यांची पोरं पाजते आणि स्तनाच्या कॅन्सरने मरते. दोन्ही कृती महान आहेत, त्यात वाद नाही. पण वेदनेने साहित्यात यायचं तर तिने नगर तरी जाळलं पाहिजे नाही तर जीव तरी घेतला पाहिजे, अशी जणू प्रवेश फी ठरून गेली आहे. ब्लाउजच्या शिवणीखाली सहा वर्षं सलणारा दीड इंच व्रण कुणाच्या कथेत येत नाही. त्याला कथानक नाही, असं संपादक म्हणतील.

त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. ऑड्री लॉर्ड यांचं 'मौनाचं भाषेत आणि कृतीत रूपांतर' हे भाषण जगभरच्या स्त्रीवादी वर्गांत शिकवलं जातं. ते त्यांनी डिसेंबर १९७७ मध्ये शिकागोला केलं. पुढे १९८० मध्ये आलेल्या त्यांच्या 'कॅन्सर जर्नल्स'मध्ये ते समाविष्ट झालं, म्हणून ते कॅन्सरमधून आलं असा समज सहज होतो. ते आलं साध्या गाठीमधून. भाषणाच्या थोडंच आधी त्यांच्या स्तनातली गाठ काढली होती आणि ती बिनाइन निघाली होती. निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधल्या तीन आठवड्यांत त्यांनी आयुष्याचा जो हिशेब मांडला, त्याचं ते भाषण. कॅन्सरचं निदान झालं ते त्यानंतर. गाठ साधी निघाली म्हणून 'सुटले' म्हणत त्या गप्प बसल्या असत्या, तर मौनाविरुद्धचं गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वांत गाजलेलं भाषण झालंच नसतं. साध्या गाठीला कथानक नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: कॅन्सरच्या बायकांचं दुःख केवढं, त्यांच्यासमोर हे रडगाणं शोभतं का? मी कॅन्सर झालेल्या बायकांशी बोलले आहे. त्यांच्यापैकी एकीनेही मला असं म्हटलं नाही. हा आक्षेप नेहमी धडधाकट माणसं घेतात, आणि आजारी माणसांच्या वतीने घेतात. उलट शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेबद्दल जे काही ज्ञान आहे ते मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांनी तक्रार केली म्हणून आहे. त्यांनीही 'जीव वाचला ना' म्हणून गप्प बसावं, अशीच एकेकाळी अपेक्षा होती. त्या बसल्या नाहीत. आम्ही त्यांच्या मागून चाललो आहोत, त्यांच्या वाट्याचं काही घेत नाही आहोत.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: आधीच हे सगळं सांगितलं तर बायका घाबरून शस्त्रक्रिया टाळतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण गाठ लपवून ठेवणाऱ्या बायका आपल्याकडे खरंच आहेत आणि त्यामुळे जीव जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात रुग्णाची संमती म्हणजे काय ते सांगितलं आहे. उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगितले पाहिजेत, मात्र अगदी दुर्मीळ शक्यता सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही, असा तो समतोल आहे. तो मला मान्य आहे. पण व्रणाभोवती बधिरपणा येणं ही दुर्मीळ शक्यता नव्हे. काही महिने दुखत राहू शकतं, क्वचित त्याहून जास्त, हेही सांगण्याजोगं आहे. आणि बाई घाबरेल म्हणून न सांगणाऱ्यांना मी विचारते: सहा महिन्यांनी अनपेक्षित चमक आली आणि 'कॅन्सर परत आला की काय' असं तिला रात्री तीन वाजता वाटलं, तर ती घाबरत नाही का? माहीत असलेली वेदना आणि अचानक आलेली वेदना यांचा आकडा एक ते दहामध्ये एकच असेल, पण झोप उडते ती दुसरीने.

तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: मनावर घेते म्हणून दुखतं. भीती, चिंता आणि कमी झोप यांनी वेदना वाढते, हे खरं आहे. पण त्यावरून निष्कर्ष काय काढायचा? चिंतेने रक्तदाबही वाढतो. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाला कुणी 'मनावर घेऊ नकोस' म्हणून परत पाठवत नाही, त्याला गोळी देतात आणि चिंतेबद्दलही बोलतात. बाईच्या स्तनातल्या दुखण्याला हा न्याय लावायला काय अडतं?

एक गोष्ट मात्र डॉक्टरांपेक्षा आपल्या घरांना विचारायला हवी. सगळ्याच साध्या गाठी काढायच्या नसतात. तरुण मुलींमधली सर्वांत नेहमीची गाठ म्हणजे फायब्रोअडेनोमा. हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सुईची बायोप्सी करून तिची खात्री झाली, ती लहान असली, वाढत नसली, त्रास देत नसली, तर तिच्यावर नुसतं लक्ष ठेवता येतं. काही तर आपोआप आक्रसतात. तरीही 'लग्नाआधी काढूनच टाका' म्हणत मुलीला घेऊन येणारे पालक कमी नाहीत. गाठ राहिली तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर स्थळ जाईल, हा हिशेब. मग व्रण कुठे लपेल याची चर्चा होते, पण संवेदना जाईल का, पाजायला अडचण येईल का, हे कुणी विचारत नाही. मुलीला तर नाहीच. जिला एका गाठीसाठी दुसरी गाठ सोडवायची आहे, तिचं मत कोण घेतो? अशा शस्त्रक्रियेनंतर जे दुखतं ते वैद्यकशास्त्राच्या खात्यावर टाकू नये. ते आपल्या खात्यावरचं आहे.

आणि दर ऑक्टोबरला शहरोशहरी लागणाऱ्या गुलाबी फितींचं काय? गाठ हाताला लागली तर लपवू नका, तपासून घ्या, असं त्या सांगतात आणि योग्यच सांगतात. पण स्तनातल्या बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात. म्हणजे या मोहिमेच्या हाकेला ओ देऊन ज्या बाया पुढे येतात, त्यांतल्या बहुतेकींना शेवटी 'साधी गाठ' हेच उत्तर मिळणार. ज्यांना तुम्ही हाक मारून बोलावलं, त्यांच्यातल्या बहुतेकींसाठी तुमच्याकडे एक पत्रकही नसावं?

तिला काय सांगता येईल, याची यादी फार मोठी नाही आणि महागही नाही. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, व्रणावर रोज काही मिनिटं हलक्या हाताने मालिश करायची, म्हणजे तो खालच्या भागाला चिकटून राहत नाही. व्रण मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, हे माहीत असलं की तिसऱ्या महिन्यात धीर सुटत नाही. हुळहुळणाऱ्या कातडीला निरनिराळ्या स्पर्शांची सवय करायची: आधी जुनं धुवट मलमल, मग सुती, मग टॉवेल. नऊवारी लुगड्याचा जुना तुकडा मी यासाठी वापरला आणि तो कुठल्याही मलमापेक्षा उपयोगी पडला. तारेची ब्रा बाजूला ठेवून मऊ, नीट मापाची घ्यायची. खांदा आखडू द्यायचा नाही, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून हात वर नेण्याचे व्यायाम शिकून घ्यायचे. व्रण उंच होऊ लागला तर सिलिकॉनच्या पट्ट्या आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं हे उपाय आहेत. मज्जातंतूच्या वेदनेसाठी वेगळी औषधं आहेत आणि मोठ्या शहरांत वेदनाचिकित्सेचे स्वतंत्र दवाखाने आहेत, पण तिथे पाठवणारी चिठ्ठी कुणी तरी लिहावी लागते. आणि नवी गाठ, लाली, ताप, कातडी आत ओढली जाणं, स्तनाग्रातून रक्त यांपैकी काही दिसलं, तर 'साधी होती' या जुन्या शब्दावर विसंबून थांबायचं नाही. जुना रिपोर्ट जुन्या गाठीचा आहे.

यातलं बरंचसं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. काही एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं, काही बसच्या रांगेत शेजारच्या बाईने. ती तेलुगू, मी मराठी. दोघींच्या मोडक्या हिंदीत तिने मला व्रणावर हात कसा फिरवायचा ते स्वतःच्या साडीवरून हात फिरवून दाखवलं. तिची गाठही साधी होती. अकरा वर्षं झाली होती. तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन अनोळखी बायका चार मिनिटांत जे एकमेकींना देऊ शकतात, ते एवढी मोठी रुग्णालयं देऊ शकत नाहीत, असं म्हणायला मी तयार नाही. ती देऊ शकतात. त्यांना ते द्यावंसं वाटत नाही, कारण आपण ते मागत नाही.

म्हणून मागते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती: टाके काढण्यासाठी दहाव्या दिवशी यावे. त्याखाली बरीच कोरी जागा होती. तिथे आणखी एक ओळ छापा, बाईला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत, जिथे जी चालते तिच्यात: तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, बधिर वाटत असेल, तर पुन्हा यावे. एवढं छापलं की ती येईल तेव्हा तिला 'पण साधी गाठ होती ना' असं विचारता येणार नाही. तिच्या हातात कागद असेल, आणि तो कागद तिचा असेल.